लखनऊत जन्मलेल्या पोराची प्रेमगाणी पाचगणीच्या पोरांनी वाजवली, आणि त्यातला पियानोवाला पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला

शनिवारी पहाटे पुण्यातून गाडी काढायची. खंबाटकी घाट ओलांडायचा, वाईत चहा घ्यायचा, पसरणी घाट चढायचा आणि पाचगणी गाठायची. टेबललँडवर फोटो, मॅप्रोत स्ट्रॉबेरी क्रीम, संध्याकाळी परत. पुणेकरांचा हा ठरलेला कार्यक्रम.

या शंभर किलोमीटरच्या रस्त्याच्या शेवटी जुन्या बोर्डिंग शाळांच्या कंपाऊंड भिंती लागतात. त्यातली एक सेंट पीटर्स. १९५८ साली या शाळेतल्या पाच पोरांनी एक बँड काढला. नाव ठेवलं 'द हेक्टिक्स'. पियानोवर जो होता त्याचं नाव फारुख बलसारा, वय १२. जग त्याला आज फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहिती आहे. पण हे पोरगं तेव्हा नेमकं वाजवत काय होतं, हा भाग सहसा कुणी सांगत नाही. तर ते वाजवत होतं एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डोमिनो आणि क्लिफ रिचर्ड.

यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवा. कारण इंग्लंडच्या पोरींना वेड लावणारा हा क्लिफ रिचर्ड जन्माला आला होता आपल्या लखनऊमध्ये.

हॅरीचा क्लिफ झाला कसा?

१४ ऑक्टोबर १९४० ला लखनऊच्या किंग जॉर्ज हॉस्पिटलात एक पोरगा जन्मला. नाव हॅरी रॉजर वेब. वडील रेल्वेच्या खानपान व्यवस्थेत नोकरीला. पुढे कुटुंब हावड्याला गेलं. देश स्वतंत्र झाला आणि इंग्रजांसोबत अशी अनेक कुटुंबं बाहेर पडू लागली. १९४८ मध्ये वेब मंडळीही बोटीत बसली. गंमत म्हणजे त्या बोटीचं नाव होतं 'रांची'.

इंग्लंडमध्ये पोचल्यावर स्वागत काही हारतुऱ्यांनी झालं नाही. पैशांची चणचण, नातेवाईकांकडे दाटीवाटीने राहणं, आणि शाळेत सावळ्या रंगावरून, भारतातून आला म्हणून चिडवणं. भारतात साहेबाचा पोरगा म्हणून वाढलेला हॅरी तिकडे जाऊन 'इंडियावाला' झाला.

मग आला एल्विस. त्याचं गाणं ऐकून हॅरीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, आपल्याला हेच करायचंय. बँड काढला, पण हॅरी वेब हे नाव काही रॉक अँड रोलवाल्याचं वाटेना. क्लिफ म्हणजे कडा, खडक. रॉकच्या जवळ जाणारा शब्द. आणि रिचर्ड हे लिटल रिचर्डवरून. असा क्लिफ रिचर्ड तयार झाला.

१९५८ मध्ये 'मूव्ह इट' हे त्याचं गाणं आलं आणि थेट ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या नंबरवर गेलं. वय होतं १७. पाचगणीत हेक्टिक्स सुरू झाला तेही हेच वर्ष.

मध्येच हे 'टीन आयडॉल' काय प्रकरण होतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि मग ब्रिटनमध्ये एक नवीन गिऱ्हाईक तयार झालं. वय १३ ते १९. हातात थोडे खर्चाचे पैसे आणि खोलीत स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर. त्याआधी घरात एकच रेडिओ असायचा आणि त्यावर काय लागणार हे वडील ठरवायचे. आता पोरं स्वतःच्या पैशाने ४५ आरपीएमची छोटी तबकडी विकत घेऊ लागली. दोन बाजू, दोन गाणी.

या पोरांसाठी पहिली लाट होती ती रांगडी. एल्विस, लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस. आईबापांना हा सगळा प्रकार म्हणजे थेट संस्कृती बुडाली असा वाटायचा.

पण वर्ष दीड वर्षात चित्र पालटलं. १९५७ च्या अखेरीस लिटल रिचर्ड गाणं सोडून धर्माकडे वळला. मार्च १९५८ मध्ये एल्विस सैन्यात भरती झाला. ३ फेब्रुवारी १९५९ ला बडी हॉली विमान अपघातात गेला. मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या पोरांची फौज आली. देखणी, नीट भांग पाडलेली, आईबापांनाही चालतील अशी. दंगा करण्यापेक्षा 'तू माझी होशील का' असं हळू आवाजात विचारणारी. यांनाच म्हणायचे टीन आयडॉल.

कॅनडाच्या पॉल अँकाचं 'डायना' हे त्याचं उत्तम उदाहरण. १९५७ मध्ये ते रेकॉर्ड केलं तेव्हा गडी फक्त १५ वर्षांचा होता. आपल्यापेक्षा मोठ्या मुलीवर जीव जडलेल्या पोराचं ते गाणं. ब्रिटनमध्ये तब्बल नऊ आठवडे एक नंबरवर होतं.

गाणं सोपं होतं, आणि तीच त्याची ताकद होती

या प्रेमगाण्यांचा साचा समजून घेतला की पाचगणीच्या पोरांना ती कशी जमली हे आपोआप कळतं.

गाणं अडीच-तीन मिनिटांचं. ठेका सरळ चार मात्रांचा. कॉर्ड मोजून तीन किंवा चार, आणि त्याच आलटून पालटून फिरत राहणार. 'डायना' ज्या चार कॉर्डच्या चक्रावर उभं आहे, त्याच चक्रावर त्या काळातली डझनावारी गाणी उभी आहेत. आज गिटार शिकायला गेलात तर पहिल्या काही महिन्यांत सर हेच चक्र शिकवतात, कारण ते एकदा हाताला बसलं की वीस गाणी एकदम वाजवता येतात.

शब्दही तसेच. कठीण उपमा नाहीत, कोडी नाहीत. समोरच्या मुलीला थेट उद्देशून म्हटलेलं.

म्हणजे वाजवायला मोठा ऑर्केस्ट्रा नको, उस्तादाकडे पंधरा वर्षं तालीम नको. कान हवेत, दोनचार मित्र हवेत आणि थोडा निर्लज्जपणा हवा. या तिन्ही गोष्टी बोर्डिंगच्या पोरांकडे भरपूर असतात.

'लिव्हिंग डॉल'चा किस्सा

क्लिफला मवाली रॉकरवरून सगळ्या घरांचा लाडका करणारं गाणं म्हणजे १९५९ चं 'लिव्हिंग डॉल'.

ते लिहिलं लायनेल बार्टने. हाच माणूस पुढे 'ऑलिव्हर' या गाजलेल्या संगीत नाटकाचा कर्ता झाला. गाणं 'सिरियस चार्ज' नावाच्या सिनेमासाठी होतं. सिनेमात ते वेगात वाजतं. क्लिफला हे काही पटलं नव्हतं. पण करारामुळे गाण्याची तबकडी काढणं भाग होतं.

मग बँडचा गिटारवाला ब्रूस वेल्च याने तोडगा काढला. वेग कमी करायचा, गिटार निवांत छेडायची, कंट्री गाण्यासारखं डुलत म्हणायचं. झालं, गाण्याचा चेहराच बदलला. आरडाओरडा करणारा क्लिफ एकदम कानाशी येऊन बोलू लागला. जुलै १९५९ मध्ये गाणं एक नंबरवर गेलं आणि सहा आठवडे तिथून हललं नाही. क्लिफचं हे पहिलं नंबर वन. तबकडीवर बँडचं नाव 'द ड्रिफ्टर्स' होतं, पण अमेरिकेत त्याच नावाचा बँड आधीपासून होता. म्हणून त्यांनी नाव बदलून 'द शॅडोज' केलं आणि पुढे त्याच नावाने इतिहास केला.

आज हे गाणं ऐकलं तर एक गोष्ट खटकते. प्रेयसीला चालतीबोलती बाहुली म्हणणं आणि दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून पेटीत कुलूप लावून ठेवण्याची भाषा करणं. तेव्हा ते लाडात घेतलं गेलं. आज कुणी असं लिहिलं तर कमेंटमध्ये त्याचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. पण साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बाहेर प्रेम म्हणजे काय याची कल्पना काय होती, हेही त्या गाण्यात नोंदलं गेलंय.

ही गाणी घाटावर पोचली कशी?

आता प्रश्न असा की १९५८-५९ मध्ये ना इंटरनेट, ना टीव्ही. लंडनचं गाणं पसरणी घाट चढून आलं कसं?

उत्तर आहे रेडिओ. आणि इथे गोष्टीत एक पुणेकर येतात.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा. नेहरूंच्या सरकारात १९५२ पासून दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी मंत्री. स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. लोकांचे कान बिघडताहेत आणि रेडिओने ते सुधारले पाहिजेत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली आणि शास्त्रीय संगीताचे तास वाढले.

शास्त्रीय गायक-वादकांना यातून मोठा आधार मिळाला, हे खरंच. पण सामान्य श्रोत्याने काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला.

सिलोनकडे महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या फौजांसाठी उभारलेले दणकट शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होते. कोलंबोवरून निघालेला आवाज अख्ख्या भारतात ऐकू यायचा. १९५२ च्या डिसेंबरमध्ये तिथून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि देश वेडा झाला. पण गीतमालेच्या आधीपासून सिलोनवर इंग्रजी गाण्यांचाही हिट परेड चालायचा. पुण्याच्या कॅम्पात, मुंबईच्या वांद्र्यात, गोव्यात आणि हिल स्टेशनच्या बोर्डिंग शाळांमध्ये पाश्चात्त्य गाण्यांचं दुकान म्हणजे हेच स्टेशन.

शेवटी सरकारलाही वारं कळलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीच्या घरात परत आली.

त्याच १९५७ सालात 'आशा' सिनेमात 'ईना मीना डीका' आलं. हिंदीतलं हे रॉक अँड रोल बांधणारे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. म्हणजे एक मराठी माणूस रेडिओवरून उडती गाणी हटवत होता आणि दुसरा मराठी माणूस स्टुडिओत बसून त्याहून उडती गाणी तयार करत होता.

चहाच्या खोक्याचा बास

आता परत पाचगणीत या.

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. घराणं गुजरातमधलं पारशी, बलसाड म्हणजे आजच्या वलसाडवरून आडनाव बलसारा. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. पोराला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून १९५५ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, त्याला पाचगणीला धाडलं. आईवडील समुद्रापलीकडे. सुट्टीत मुंबईला आजी आणि मावशीकडे जायचं.

आठ वर्षांचं पोर, हजारो मैलांवर घर. त्यात पुढे आलेले दात, म्हणून पोरांनी 'बकी' म्हणून चिडवायला सुरुवात केलेली. अशा पोराला एखादी गोष्ट लागते जी फक्त त्याची असते. फारुखसाठी ती गोष्ट पियानो होती. शाळेत रीतसर शिकवणी लावली, परीक्षाही दिल्या. पण वर्गमित्रांना आठवतं ते वेगळंच. रेडिओवर एखादं गाणं लागायचं, फारुख ते एकदा ऐकायचा, पियानोपाशी जायचा आणि वाजवून मोकळा व्हायचा.

मग पाच जण जमले. ब्रूस मरे गाणार आणि गिटार वाजवणार. डेरिक ब्रांच दुसऱ्या गिटारवर. व्हिक्टरी राणा ड्रमवर. फारुख पियानोवर. आणि फरंग इराणी बासवर.

हा बास म्हणजे चहाचं लाकडी खोकं. खोकं उलटं ठेवायचं, त्याला काठी लावायची, काठीच्या टोकापासून खोक्यापर्यंत दोरी ताणायची आणि दोरी छेडायची. काठी वाकवून ताण कमीजास्त केला की सूर बदलतो. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या दशकात गरीब पोरांनी अशाच खोक्यांवर बँड उभे केले होते.

शाळेच्या कार्यक्रमांत आणि जत्रेत हेक्टिक्स वाजवू लागले. पाचगणीत मुलींच्या शाळाही होत्या. त्या मुली कार्यक्रमाला आल्या की इंग्लंडमध्ये क्लिफसमोर जशा ओरडायच्या तशाच ओरडायच्या. सगळा खटाटोप पोरांनी ज्यासाठी केला होता तो वसूल.

आणि एक गोष्ट नीट वाचा. जगातल्या सर्वात मोठ्या गायकांपैकी एक होणारा हा पोरगा या बँडचा मुख्य गायक नव्हता. गायचा ब्रूस मरे. फारुख मागे पियानो बडवायचा आणि कोरसमध्ये सूर लावायचा. मित्रांनी त्याला 'फ्रेडी' म्हणायला मात्र इथेच सुरुवात केली.

पुढे कोण कुठे गेलं?

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंबाला मिळेल ते सामान घेऊन इंग्लंड गाठावं लागलं. लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टममध्ये घर घेतलं. सोळा वर्षांपूर्वी वेब कुटुंबाने जे केलं, तेच आता बलसारा कुटुंबाने केलं.

हेक्टिक्सचे बाकीचे गडीही चांगले निघाले. डेरिक ब्रांच ब्रिटनच्या टीव्हीवर आणि सिनेमात नट झाला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती. फरंग इराणी हॉटेल व्यवसायात गेला. ब्रूस मरे इंग्लंडला जाऊन संगीतातच राहिला.

फ्रेडीने १९७० मध्ये 'क्वीन' उभा केला आणि बलसाराचा मर्क्युरी झाला. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. सहा मिनिटांचं, ऑपेरा घुसवलेलं, कुठल्याच साच्यात न बसणारं. तीन कॉर्डच्या प्रेमगाण्यापासून जितकं लांब जाता येईल तितका तो गेला होता.

आणि मग परत फिरला.

१९७९ मध्ये क्वीन जर्मनीत म्युनिकला रेकॉर्डिंगसाठी होता. हॉटेलात आंघोळ करता करता फ्रेडीला एक गाणं सुचलं. तो पियानोवाला, पण हे गाणं त्याने गिटारवर बांधलं. गिटारवर त्याला मोजक्याच कॉर्ड यायच्या. जेवढं येतं तेवढ्यातच गाणं बसवायचं. पाच-दहा मिनिटांत काम झालं. नाव 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'. एल्विस आणि क्लिफ रिचर्ड यांना केलेला हा सलाम होता.

१९८० च्या फेब्रुवारीत ते अमेरिकेत एक नंबरवर गेलं आणि चार आठवडे राहिलं. अमेरिकेत क्वीनचं हे पहिलंच नंबर वन. ऑपेराने जे केलं नव्हतं, ते पाचगणीच्या हॉलमधल्या साच्याने केलं.

योगायोग इथेच थांबत नाहीत. १९८६ च्या वसंत ऋतूत क्लिफने विनोदी कलाकारांना सोबत घेऊन 'कॉमिक रिलीफ' या मदतनिधीसाठी 'लिव्हिंग डॉल' पुन्हा केलं आणि ते पुन्हा एक नंबरवर गेलं. त्याच सुमारास लंडनमध्ये 'टाइम' नावाचं संगीत नाटक सुरू झालं. नायक क्लिफ रिचर्ड. आणि त्या नाटकाच्या अल्बमसाठी दोन गाणी म्हटली होती फ्रेडी मर्क्युरीने. ज्याची गाणी ऐकून पाचगणीत पियानो वाजवला, त्याच्याच नाटकाची गाणी आता तो गात होता.

मग आपण यांना आपलं म्हणायचं का?

सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी 'फ्रेडी मर्क्युरी आपला होता' अशी पोस्ट फिरते. खरं म्हणजे फ्रेडी स्वतः झांझिबार आणि भारताबद्दल मुलाखतींत फारसं बोलायचा नाही. क्लिफला भारतावरून शाळेत टोमणे बसले होते. ज्या इंग्लंडमध्ये त्यांना जगायचं होतं, तिथे तेव्हा भारतातून येणं ही मिरवायची गोष्ट नव्हती. हॅरीने नाव बदललं, फारुखनेही बदललं. नावं बदलण्यामागे स्टेजची हौस होतीच, पण बाहेरचा म्हणून ओळखलं जाऊ नये हा हिशोबही त्या काळात अनेकांना करावा लागायचा.

त्यामुळे मालकी सांगण्यापेक्षा दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. केसकरांना वाटत होतं की कुठलं संगीत आपलं आणि कुठलं परकं हे वरून ठरवता येईल. पण ज्याला सगळे साहेबाचं गाणं म्हणत होते ते गाणारा लखनऊत जन्मला होता. ते कोलंबोवरून हवेत सोडलं जात होतं. आणि सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत झांझिबारचं पारशी पोर, नेपाळचं पोर आणि इराणी पोर मिळून चहाच्या खोक्यावर ते वाजवत होते.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. सर क्लिफ रिचर्ड यांनी ऐंशी ओलांडल्यावरही गाणं सोडलेलं नाही. पुढच्या वेळी पसरणी घाट चढताना गाडीत आधी 'लिव्हिंग डॉल' लावा आणि पाठोपाठ 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'. दोन्ही मिळून साडेपाच मिनिटंही होत नाहीत. घाट संपायच्या आत दोन्ही गाण्यांचं नातं कानाला कळलेलं असेल.